सर्जरीतलं पहिलं संशोधन: नव्या रेसिडेंटसाठी, प्रश्न सुचण्यापासून निकाल छापण्यापर्यंत

एम.एस.ला प्रवेश मिळतो, युनिट ठरतं, इमर्जन्सीच्या रात्री सुरू होतात आणि पहिल्या काही महिन्यांतच कुणीतरी विचारतं, "सिनॉप्सिसचं काय झालं?" (सिनॉप्सिस म्हणजे थिसिसचा आधी द्यायचा आराखडा.) घाईत बरेच जण मागच्या बॅचचा विषय उचलतात, रुग्णालयाचं नाव बदलतात आणि मोकळे होतात. असं करू नका, अशी कळकळीची विनंती. तुमच्या मास्टर चार्टमधली, म्हणजे सगळ्या रुग्णांच्या नोंदींच्या तक्त्यातली प्रत्येक ओळ म्हणजे एक माणूस असतो. तो रोजगार बुडवून फॉलो-अपला येतो, पाय उघडा करून दाखवतो, फोटो काढू देतो. त्या बदल्यात पुढच्या रुग्णाच्या उपयोगाचं काहीतरी कळायला हवं, निदान कळण्याची शक्यता तरी हवी.

खालच्या पायऱ्या प्रामुख्याने जनरल सर्जरीच्या रेसिडेंटसाठी आहेत. जखमा, हर्निया, प्रत्यारोपण यांवर काम करणाऱ्या नर्स, फिजिओथेरपिस्ट आणि तालुक्याच्या गावी प्रॅक्टिस करणाऱ्या सर्जननाही त्या चालतील. माझा आग्रह एकच आहे. पहिला रुग्ण घेण्याआधी काय मोजणार, कधी मोजणार आणि कोण मोजणार हे कागदावर उतरवा. विषयाची निवड, रुग्णांची संख्या, परवानग्या, विश्लेषण हे सगळं त्या कागदावर अवलंबून असतं.

पहिली पायरी: प्रश्न वॉर्डातून घ्या

धुळे जिल्ह्यातल्या दोंडाईचाचे सर्जन डॉ. टोंगावकर यांच्यासमोर साधी अडचण होती. हर्नियाला जाळी लावणं उत्तम, पण कंपनीची जाळी गरीब रुग्णाला परवडत नाही. त्यांनी मच्छरदाणीच्या कापडाचा तुकडा निर्जंतुक करून वापरायला सुरुवात केली, इतर सर्जनना सोबत घेतलं आणि २००३ मध्ये अनेक केंद्रांवरचे प्राथमिक निष्कर्ष छापले. पुढे युगांडात स्वस्त मच्छरदाणीची जाळी आणि कंपनीची जाळी यांची तुलना करणारी यादृच्छिक चाचणी, म्हणजे कुणाला कोणता उपचार हे चिठ्ठीने ठरवणारी चाचणी झाली. त्यात ३०२ पुरुष होते, पाठपुरावा एक वर्षाचा होता आणि निकाल २०१६ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आला. स्वस्त जाळीच्या गटात हर्निया पुन्हा झाला तो एकाच रुग्णाला, कंपनीच्या जाळीच्या गटात कुणालाच नाही. गुंतागुंतीचं प्रमाण दोन्हीकडे जवळपास सारखं. खान्देशातल्या एका ऑपरेशन थिएटरातली अडचण जगभर वाचल्या जाणाऱ्या पुराव्यापर्यंत पोचली, कारण प्रश्न नेमका होता: हे कापड लावलं तर हर्निया परत होतो का, आणि जखम पिकते का?

आता तुमचा प्रश्न. "मधुमेही पायाच्या जखमांचा अभ्यास" हा प्रश्नच नाही. त्यात कुणाची, कशाशी तुलना आणि कोणता परिणाम, यांतलं काहीच सांगितलेलं नाही. पुढच्या सगळ्या पायऱ्यांसाठी मी एक प्रश्न उदाहरण म्हणून घेतो:

तळपायाला जखम असलेल्या, पायाचा रक्तपुरवठा पुरेसा असलेल्या आणि प्लास्टर घालून घेऊ न शकणाऱ्या मधुमेही रुग्णांमध्ये एमसीआर (मऊ सूक्ष्मछिद्री रबराच्या) चपलेसोबत जखमेभोवती फोमची गादी चिकटवली, तर नुसत्या एमसीआर चपलेच्या तुलनेत चार आठवड्यांत जखमेचं क्षेत्रफळ अधिक कमी होतं का?

तळपायाच्या अशा जखमेवरचा भार हलवण्यासाठी टोटल कॉन्टॅक्ट कास्ट, म्हणजे पायाला घट्ट बसणारं प्लास्टर, ही खात्रीची पद्धत आहे. वेल्लोरला पॉल ब्रँड यांनी कुष्ठरुग्णांच्या पायांसाठी ती वापरली आणि रुजवली. म्हणून ज्याला प्लास्टर घालता येतं त्याला ते नाकारून अभ्यासात ओढायचं नाही. पण भातलावणी करणारी बाई, रिक्षा चालवणारा माणूस, दुसऱ्या पायाने तोल न सांभाळता येणारे आजोबा प्लास्टरला तयार होत नाहीत, आणि त्यांना काय द्यावं याचं पक्कं उत्तर आपल्या वॉर्डात नसतं. अभ्यासाची जागा तिथे आहे.

प्रश्न ठरला की लगेच ओपीडीचं रजिस्टर उघडा. गेल्या वर्षात असे रुग्ण खरोखर किती आले ते मोजा. आठवणीवर विसंबू नका, आठवण नेहमी फुगवून सांगते. त्यातले निम्मेच तुमच्या अटींत बसतील आणि होकार देतील असं धरून चाला.

मग पबमेड आणि कॉक्रेन ही संशोधन-लेखांची संकेतस्थळं चाळा. कोणत्या तारखेला कोणते शब्द टाकून शोधलं याची वही ठेवा. सीटीआरआय, म्हणजे भारताची क्लिनिकल चाचण्यांची नोंदवहीसुद्धा शोधा. हाच अभ्यास दुसरीकडे सुरू असेल तर तिथे कळतं. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) चेन्नईच्या संस्थेचा बीसीबीआर हा संशोधनपद्धतीचा ऑनलाइन कोर्स पदव्युत्तर विद्यार्थ्यांना करावाच लागतो. तो शेवटच्या क्षणी उरकण्यापेक्षा याच टप्प्यावर मन लावून केला तर सिनॉप्सिस लिहिताना उपयोगी पडतो.

दुसरी पायरी: अभ्यासाचा साचा

१७९४ मध्ये लंडनच्या एका मासिकात पुण्याजवळच्या एका ऑपरेशनचा वृत्तांत छापून आला. इंग्रज सैन्यासाठी बैल हाकणाऱ्या कावसजी नावाच्या माणसाचं नाक टिपूच्या सैन्याने कापलं होतं. वीटकाम करणाऱ्या जातीतल्या एका कारागिराने कपाळाची कातडी वळवून त्याला नवं नाक बसवलं, आणि मुंबई इलाख्याच्या दोन इंग्रज डॉक्टरांनी ते पाहिलं. जोसेफ कार्प्यू यांनी तो वृत्तांत वाचला, मृतदेहांवर सराव केला, १८१४ मध्ये लंडनला अशी शस्त्रक्रिया केली आणि १८१६ मध्ये आपल्या दोन रुग्णांचा अहवाल प्रसिद्ध केला. एका रुग्णाच्या नीट लिहिलेल्या नोंदीत एवढं बळ असू शकतं. "हे शक्य आहे" एवढं ती सिद्ध करते. "हे त्यापेक्षा चांगलं आहे" हे मात्र तिला सांगता येत नाही, त्यासाठी तुलना लागते.

म्हणून स्वतःला विचारा, मला काय सिद्ध करायचंय? आपल्याकडे काय दिसतं एवढंच सांगायचं असेल तर वर्णनात्मक अभ्यास पुरतो. एखाद्या घटकाचा परिणामाशी संबंध बघायचा असेल, उदाहरणार्थ एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेचा अंदाज देणारी तपासणी) आणि जखम भरण्याचा वेग, तर रुग्णांचा गट घेऊन पुढे पाठपुरावा करायचा. दोन उपचारांतला कोणता चांगला हे ठरवायचं असेल तर यादृच्छिक चाचणी. नवीनच शस्त्रक्रिया असेल तर आयडियल नावाची पाच टप्प्यांची चौकट वाचा. कल्पनेपासून दीर्घ पाठपुराव्यापर्यंत कोणत्या टप्प्यावर कसला पुरावा मागायचा, ते तिच्यात मांडलं आहे.

सर्जरीत यादृच्छिक चाचण्या होत नाहीत, असं सीनिअर म्हणतील. त्यांना टाटा मेमोरियलची चाचणी दाखवा. तोंडाच्या सुरुवातीच्या टप्प्यातल्या कॅन्सरमध्ये मानेतल्या गाठी पहिल्याच ऑपरेशनला काढाव्यात की पुढे दिसल्या तर काढाव्यात, यावर जगभर अनेक दशकं मतभेद होते. मुंबईत रुग्णांची यादृच्छिक विभागणी करून ते तपासलं गेलं. २०१५ मध्ये छापलेल्या निकालात तीन वर्षांनी पहिल्या गटातले ८० टक्के रुग्ण हयात होते, दुसऱ्यातले ६७.५ टक्के. तंबाखूने पोखरलेल्या आपल्या राज्यासाठी याहून मोलाची माहिती कोणती असेल?

तिसरी पायरी: माप ठरवा

इथे घाई करू नका. बहुतेक थिसिस इथेच कोसळतात.

"जखम भरली" म्हणजे नेमकं काय? अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २००६ मध्ये दिलेली व्याख्या सरळ आहे: जखमेवर पूर्ण त्वचा आलेली, स्राव नाही, ड्रेसिंगची गरज नाही, आणि दोन आठवड्यांच्या अंतराने झालेल्या दोन लागोपाठच्या भेटींत हेच दिसलेलं. दुसऱ्या भेटीची अट महत्त्वाची आहे, कारण तळपायाची जखम वरवर मिटून आठवड्याभरात पुन्हा उघडते हे आपण सगळ्यांनी पाहिलंय.

पूर्ण भरण्याची वाट बघायला वेळ नसेल तर चार आठवड्यांत क्षेत्रफळ किती टक्के घटलं हे माप घेता येतं. त्यामागे आधार आहे. २००३ मध्ये छापलेल्या २०३ रुग्णांच्या विश्लेषणात, ज्यांची जखम चार आठवड्यांत साधारण निम्म्याहून जास्त आक्रसली त्यांच्यातल्या ५८ टक्के जखमा बारा आठवड्यांत भरल्या. बाकीच्यांत फक्त ९ टक्के.

क्षेत्रफळ काढताना लांबी गुणिले रुंदी केली तर आकडा फुगतो. चार सेंटिमीटर लांब, तीन रुंद अशी लंबगोल जखम गुणाकाराने १२ चौरस सेंटिमीटर भरते, प्रत्यक्षात ती साडेनऊच्या आतच असते. लंबगोलासाठी गुणाकाराला ०.७८५ ने गुणा. त्याहून चांगलं म्हणजे जखमेशेजारी मोजपट्टी ठेवून वरून सरळ फोटो काढा आणि इमेजजे या मोफत सॉफ्टवेअरमध्ये कडा आखून क्षेत्रफळ काढा. फोटो दरवेळी सारख्या अंतरावरून, सारख्या उजेडात आणि डेब्रिडमेंटनंतर, म्हणजे जखमेतला मेलेला भाग काढल्यानंतर. डेब्रिडमेंटआधी एकदा आणि नंतर एकदा असं मिसळलंत तर जखम "वाढल्याचं" दिसेल आणि ते खोटं असेल.

टक्केवारीत एक खाच आहे. दोन सेंटिमीटर व्यासाची आणि सहा सेंटिमीटर व्यासाची अशा दोन गोल जखमा घ्या. दोन्हींच्या कडा सगळीकडून अर्धा सेंटिमीटर आत सरकल्या, म्हणजे भरण्याचा वेग अगदी सारखा. पहिलीचं क्षेत्रफळ ७५ टक्के घटेल, दुसरीचं जेमतेम ३१ टक्के. एका गटात लहान जखमा जास्त पडल्या तर काहीही न करता तो गट जिंकेल. म्हणून आकारानुसार आधी थर पाडा आणि प्रत्येक थरात स्वतंत्र यादृच्छिक वाटप करा.

जखम भरण्यावर परिणाम करणारं बाकी सगळंही सुरुवातीला नोंदवा: १० ग्रॅमच्या मोनोफिलामेंटने (टोचून बघायच्या नायलॉनच्या धाग्याने) संवेदना, घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब मोजून त्यांचं गुणोत्तर, एचबीए१सी, जखमेची खोली, हाडाला संसर्ग आहे का, तंबाखू, किडनीची अवस्था. रक्तदाबाच्या गुणोत्तरावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. मधुमेह्यांच्या रक्तवाहिन्या कॅल्शियमने कडक होतात आणि गुणोत्तर खोटं चांगलं येतं. १.३ च्या वर आलं तर पायाच्या अंगठ्याचा दाब मोजायची सोय बघा.

विषय दुसरा असेल तरी व्याख्या स्वतः घडवू नका, प्रस्थापित घ्या. ऑपरेशनच्या जागेचा संसर्ग ३० दिवसांपर्यंत शोधायचा असतो, जाळीसारखी वस्तू बसवलेल्या ठरावीक ऑपरेशनांत ९० दिवसांपर्यंत. डिस्चार्जच्या दिवशी टाके कोरडे होते एवढ्यावर "संसर्ग नाही" लिहिणं चूक आहे. गुंतागुंतीसाठी क्लाव्हिएन-डिंडो प्रतवारी वापरा, ती गुंतागुंत किती गंभीर हे तिच्यावर लागलेल्या उपचारावरून ठरवते. किडनी प्रत्यारोपणानंतर पहिल्या आठवड्यात डायलिसिस लागलं तर त्याला नवी किडनी उशिरा चालू होणं म्हणतात. तुमची संख्या इतरांशी ताडून बघायची तर शब्दही तेच हवेत.

चौथी पायरी: किती रुग्ण लागतील

"सर, साठ घेऊ का?" असा प्रश्न नसतो. संख्या मापातून निघते.

समजा माप आहे बारा आठवड्यांत पूर्ण भरणं. नेहमीच्या उपचाराने ४० टक्के भरतात आणि तुम्हांला वाटतं नव्याने ६० टक्के भरतील. खरा फरक पकडण्याची शक्यता ८० टक्के आणि नसलेला फरक योगायोगाने दिसण्याची नेहमीची ५ टक्क्यांची मर्यादा धरली तर प्रत्येक गटात सुमारे ९५ रुग्ण लागतात. वीस टक्के गळती धरली की गटाला १२० च्या आसपास. फरक ४० विरुद्ध ५० एवढाच असेल तर गटाला जवळपास ३८५. दोन-अडीच वर्षांत एका युनिटला हे झेपणार नाही.

आता माप बदला. चार आठवड्यांतली क्षेत्रफळाची टक्केवारी घट घ्या. समजा रुग्णारुग्णांतला फरक, म्हणजे प्रमाण विचलन ३० आहे, आणि गटांच्या सरासरीत २० चा फरक तुम्हांला अर्थपूर्ण वाटतो. मग गटाला ३६ पुरतात, गळती धरून ४५. हे जमण्यासारखं आहे. अर्थात प्रमाण विचलनाचा आकडा तुमच्यासारख्या रुग्णांवरच्या छापील अभ्यासातून घ्यायचा, मनाने नाही. हा हिशेब घेऊन पीएसएम (सामाजिक वैद्यकशास्त्र) विभागातल्या संख्याशास्त्रज्ञाकडे सिनॉप्सिस देण्याआधी जा. नंतर गेलात तर त्यांच्या हातात काही उरत नाही.

पाचवी पायरी: परवानग्या आणि संमती

संस्थेच्या एथिक्स कमिटीची मंजुरी मिळेपर्यंत एकही रुग्ण घ्यायचा नाही. २०१९ च्या नियमांप्रमाणे या कमिटीत किमान सात सदस्य असतात, निम्मे संस्थेबाहेरचे, आणि त्यात कायद्याची जाणकार व्यक्ती, सामान्य नागरिक आणि स्त्री सदस्य असावीच लागते. माणसांवरच्या संशोधनासाठी आयसीएमआरची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं वाचा. कमिटी तुम्हांला प्रश्न विचारते ते त्यातूनच. नवं औषध किंवा परवाना नसलेलं उपकरण वापरायचं असेल तर केंद्रीय औषध नियंत्रकांची परवानगी वेगळी लागते. थिसिससाठी त्या वाटेला न गेलेलं बरं.

उपचाराची चाचणी असेल तर कमिटीच्या मंजुरीनंतर आणि पहिल्या रुग्णाआधी सीटीआरआयवर नोंदणी करा. १ एप्रिल २०१८ पासून तिथे फक्त आगाऊ नोंदणी घेतात. रुग्ण घेऊन झाल्यावर आठवण आली तर उपयोग नाही, आणि नोंदणी क्रमांकाशिवाय चांगली नियतकालिकं लेख परत पाठवतात.

संमतीपत्र मराठीत हवं, आणि मराठी म्हणजे रुग्णाची मराठी. "सदर संशोधनात्मक प्रकल्पात सहभागी होण्यास माझी हरकत नसून" हे वाचून कुणाला काय कळणार? असं लिहा:

"तुमच्या पायाच्या जखमेसाठी आम्ही दोन पद्धती वापरून बघतोय. त्यातली कोणती जास्त चांगली हे आम्हांला अजून माहीत नाही. तुम्हांला कोणती मिळेल हे डॉक्टर ठरवणार नाहीत, ते चिठ्ठी काढून ठरेल. तुम्ही नाही म्हणालात तरी हेच डॉक्टर तुमच्यावर नीट उपचार करतील. मध्येच सोडावंसं वाटलं तर सोडता येईल, कारण सांगावं लागणार नाही. पायाचे फोटो काढू, त्यात चेहरा आणि नाव येणार नाही. फोमचे पैसे तुम्हांला द्यावे लागणार नाहीत. त्वचा सोलली किंवा फोड आला तर त्याचा उपचार इथेच मोफत होईल."

वाचून दाखवल्यावर "समजलं का?" विचारू नका. सरकारी रुग्णालयात डॉक्टरांना सगळे "हो साहेब"च म्हणतात. "आता तुम्ही मला सांगा, आपण काय करणार आहोत?" असं विचारा. त्यांनी चिठ्ठीचा आणि सोडून जाण्याचा मुद्दा स्वतःच्या शब्दांत सांगितला की सही घ्या. वाचता येत नसेल तर रुग्णालयाशी संबंध नसलेला साक्षीदार आणि अंगठा. शक्य असेल तर संमती उपचार करणाऱ्या डॉक्टरने न घेता समाजसेवा अधीक्षकांनी किंवा दुसऱ्या युनिटच्या सहकाऱ्याने घ्यावी. ज्याच्या हातात आपला पाय आहे त्याला नाही म्हणणं सोपं नसतं.

सहावी पायरी: चिठ्ठ्या आणि झाकलेले डोळे

सम-विषम केसपेपर नंबर, सोमवार एक गट आणि गुरुवार दुसरा, हे यादृच्छिक वाटप नव्हे. पुढचा रुग्ण कोणत्या गटात जाणार हे आधी कळलं की बरा दिसणारा रुग्ण आपल्या आवडत्या गटात नकळत ढकलला जातो. यादी संगणकावरून तुमच्याशिवाय दुसऱ्या कुणीतरी काढावी, अपारदर्शक पाकिटांत घालून क्रमांक टाकावेत, पाकीट सिस्टरांकडे राहावं आणि संमतीची सही झाल्यावरच उघडावं.

सर्जनला स्वतःचं काम दिसतंच, तिथे डोळे झाकता येत नाहीत. मोजणाऱ्याचे मात्र झाकता येतात. आमच्या उदाहरणात फोम काढून, पाय धुऊन फोटो घ्यायचा. क्षेत्रफळ आखणाऱ्याला फक्त सांकेतिक क्रमांक दिसतो. दोघांनी स्वतंत्रपणे काही फोटो आखून आकडे किती जुळतात तेही बघा.

याची गरज का, हे १९५९ च्या एका अमेरिकन चाचणीतून कळतं. छातीतल्या एका धमनीला गाठ मारली की हृदयविकाराचं दुखणं कमी होतं, असा तेव्हा समज होता. १७ रुग्णांपैकी काहींची धमनी बांधली, काहींना फक्त कातडीवर छेद दिला. आराम दोन्हींकडे सारखाच पडला, आणि ते ऑपरेशन मागे पडलं.

सातवी पायरी: प्राण्यांवरचा प्रयोग खरंच हवा का

बहुतेक एम.एस. थिसिसना तो लागत नाही. लागणार असेल तर १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, सीसीएसईए ही केंद्रीय समिती (पूर्वीची सीपीसीएसईए) आणि संस्थेतली प्राणी नीतिसमिती यांच्या चौकटीत तो करावा लागतो. उंदीर-सशांसाठी संस्थेच्या समितीची मंजुरी चालते, मोठ्या प्राण्यांसाठी केंद्रीय समितीची लागते. पर्याय असेल तर प्राणी वापरू नका, कमीत कमी वापरा, त्यांच्या वेदना कमी करा: अर्जातल्या प्रत्येक प्रश्नामागे ही तीन सूत्रं असतात.

जखमांच्या संशोधनात एक जीवशास्त्रीय अडथळा आहे आणि तो न ओळखता केलेले प्रयोग खूप दिसतात. उंदराच्या कातडीखाली स्नायूचा पातळ थर असतो, त्यामुळे त्याची जखम मुख्यतः आकसून मिटते. माणसाची जखम तळापासून ग्रॅन्युलेशन (लालसर नवी ऊती) भरून आणि कडेने नवी त्वचा सरकून भरते. उंदराच्या पाठीवर मलम लावून "लवकर भरली" म्हणण्याआधी जखमेभोवती सिलिकॉनची कडी टाके घालून बसवावी लागते, म्हणजे आकसणं थांबतं आणि माणसाच्या जवळपास जाणारी प्रक्रिया बघता येते. लिखाणासाठी प्राण्यांवरच्या प्रयोगांची अराइव्ह मार्गदर्शिका आधीच वाचून ठेवा; प्राण्यांचं वय, लिंग, यादृच्छिक वाटप, वगळलेले प्राणी हे सगळं तिथे मागतात.

प्राण्यांवरच्या कामाचं मोल मी कमी लेखत नाही. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांच्या चमूने फेब्रुवारी १९६८ मध्ये मानवी हृदयाचं प्रत्यारोपण केलं, त्यामागे प्रयोगशाळेत कुत्र्यांवर केलेलं दीर्घ काम होतं. रुग्ण काही तासच जगला. मेंदूमृत्यूला मान्यता देणारा कायदा त्यानंतर २६ वर्षांनी, १९९४ मध्ये आला.

प्रत्यारोपणात काम करायचं असेल तर

१९९४ चा कायदा, २०११ ची दुरुस्ती आणि २०१४ चे नियम हातात ठेवा. महाराष्ट्रात मृत दात्यांच्या अवयवांचं वाटप मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथल्या विभागीय समित्यांमार्फत, म्हणजे झेडटीसीसींमार्फत होतं. वाटपाच्या क्रमात तुमच्या अभ्यासाने ढवळाढवळ होता कामा नये. नातेवाइकांनी दान दिलंय ते रुग्णासाठी. त्या अवयवाचा किंवा ऊतीचा तुकडा संशोधनाला हवा असेल तर वेगळी मंजुरी आणि वेगळी संमती लागते, आणि त्या घडीला कुटुंबाशी बोलायचं काम प्रशिक्षित समन्वयकावर सोडा. दाता आणि घेणारा यांची ओळख जुळेल असं काहीही लिहू नका. गाव, तारीख आणि वय एवढ्यावरूनही वर्तमानपत्राची जुनी बातमी सापडते.

एका केंद्रातली संख्या लहान असते, म्हणून नवख्याने जुन्या नोंदींचा अभ्यास घ्यावा: अवयव बर्फात किती तास होता आणि तो उशिरा चालू होण्याशी त्याचा संबंध, किंवा जिवंत दात्यांची पाच-दहा वर्षांनंतरची तब्येत. दुसऱ्या विषयाकडे फार कमी लोक बघतात. भावाला किडनी दिलेली बहीण ऑपरेशननंतर कुणाच्याच फॉलो-अपमध्ये नसते, आणि तिचं पुढे काय झालं हे माहीत असणं आपलं कर्तव्य आहे असं मला मनापासून वाटतं.

इथे विश्लेषण काप्लान-मायर पद्धतीने होतं, म्हणजे पाठपुरावा कमी-जास्त असला तरी किती काळाने किती जण टिकले हे काढता येतं. काहींचा पाठपुरावा एक वर्षाचा, काहींचा सहा. जे मध्येच दिसेनासे झाले त्यांना शेवटच्या भेटीपर्यंत मोजायचं, "चांगले" किंवा "वाईट" असं गृहीत धरायचं नाही. किडनी चालू असताना रुग्ण दुसऱ्या कारणाने गेला तर ती किडनीची हार धरायची की नाही, हे आधी ठरवून लिहा. दोन्ही पद्धती प्रचलित आहेत, आकडे मात्र बरेच वेगळे येतात.

आठवी पायरी: रोजची नोंद

प्रोफॉर्मा, म्हणजे प्रत्येक रुग्णाची माहिती भरायचा फॉर्म, एका पानाच्या दोन बाजूंत बसवा. पहिल्या चार-पाच रुग्णांवर वापरून बघा, अडतं तिथे बदला, बदलाची माहिती कमिटीला कळवा, आणि मग हात लावू नका. मास्टर चार्टमध्ये नाव नको, क्रमांक हवा; क्रमांक आणि नावांची यादी वेगळ्या कुलुपात. चार्ट त्याच आठवड्यात भरा. रुग्णाचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर टाकू नका.

फॉलो-अपची गळती आपल्याकडे ऋतूंप्रमाणे चालते. दसऱ्यानंतर बीडकडचे ऊसतोड कामगार टोळ्यांसोबत निघतात आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीलाच परततात. पेरणीच्या दिवसांत कुणी येत नाही. आषाढीला जखमेचा पाय घेऊन लोक वारीला चालतात, त्यांना तुम्ही थांबवू शकणार नाही. फोमची जादा गादी आणि फोन नंबर देऊ शकता. संमतीच्या दिवशी दोन नंबर लिहून घ्या, एक शेजाऱ्याचा किंवा मुलाचा. एसटीच्या भाड्याची तरतूद बजेटमध्ये करा, भेट बाजाराच्या दिवशी ठेवा. गावच्या आशाताईंना किंवा उपकेंद्राच्या सिस्टरांना अभ्यासाची माहिती असली तर हरवलेला रुग्ण सापडतो, पण त्यासाठी रुग्णाची परवानगी आधी घ्या.

फोम गटातल्या रुग्णाने फोम काढून टाकला तर ते लिहा, त्याला गटातून काढू नका.

नववी पायरी: आकडे आणि लिखाण

ज्या गटात चिठ्ठी निघाली त्याच गटात शेवटपर्यंत मोजायचं. जे मधे सोडून गेले ते सहसा वाईट स्थितीतले असतात. त्यांना वगळलं की उपचार आहे त्यापेक्षा छान दिसतो. एका रुग्णाच्या दोन पायांवर दोन जखमा असतील तर ते दोन रुग्ण नव्हेत; एकच ठरवून घ्या, शक्यतो मोठी. नुसती पी-व्हॅल्यू (प्रत्यक्षात फरक नसताना एवढा फरक योगायोगाने दिसण्याची शक्यता) देऊ नका. फरक किती आणि त्याच्या विश्वासाच्या मर्यादा काय, हे आधी लिहा. दहा गोष्टी तपासून जी एक जमली ती मथळ्यात टाकण्याचा मोह होतो. तुमच्या पहिल्या कागदावर जे मुख्य माप लिहिलं होतं तेच मथळ्यात जाईल.

फरक नाही निघाला तर घाबरून आकडे ढवळू नका. टाटा मेमोरियलमध्येच ३५० रुग्णांवर झालेल्या चाचणीत, इतरत्र पसरलेल्या स्तनाच्या कॅन्सरमध्ये मूळ गाठ काढून आयुष्य वाढत नाही असं २०१५ मध्ये दिसलं. त्या निकालाने कितीतरी बायकांचं एक मोठं ऑपरेशन वाचू शकतं.

लिहिताना चाचणीसाठी कॉन्सॉर्ट, निरीक्षणाच्या अभ्यासासाठी स्ट्रोब या याद्या समोर ठेवा. किती रुग्ण तपासले, किती अटींत बसले नाहीत, किती नाही म्हणाले, किती हरवले याचा आराखडा पहिल्या आकृतीत येतो, तो रोजच्या नोंदीतूनच बनतो. लेखकांत कुणाची नावं येणार हे सुरुवातीलाच गाइडशी बोलून घ्या. पैसे भरले की आठवड्याभरात छापू म्हणणारी पत्रं मेलवर येतील, ती सरळ पुसून टाका.

निकाल छापून आला की सीटीआरआयवरची नोंद पूर्ण करा, ज्या रुग्णांनी विचारलं होतं त्यांना फोन करून मराठीत दोन वाक्यांत सांगा, आणि प्रोटोकॉल, कोरा प्रोफॉर्मा, नावांशिवायचा मास्टर चार्ट युनिटच्या कपाटात पुढच्या बॅचसाठी ठेवा. विषय उचलायचाच असेल तर त्यांना तो मोजमापासकट मिळू दे.